रेणू-साधर्म्य आणि प्रतिपिंडांची गफलत : पुण्यातील 'जीबीएस' साथीच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : प्रतिपिंड, प्रतिजन, रेणू-साधर्म्य, आत्मप्रतिकार, गुलेन-बारी विकार, गँग्लिओसाइड

प्रस्तावना :

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील दोन परस्परांपासून दूर असलेल्या भागांत, लोकांना सर्वस्वी अनाकलनीय वाटणाऱ्या आजारांची चर्चा एकाच वेळी सुरू होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांतील लोकांचे केस काही दिवसांत झपाट्याने गळू लागले. त्याच महिन्यात पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात धडधाकट माणसांच्या पायांतील शक्ती दोन-चार दिवसांत नाहीशी होऊ लागली. काहींना श्वास घेणेही अशक्य झाले व त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. पहिल्या घटनेत प्रारंभी पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लोकांच्या आहारातील गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार जास्त असल्याचे मांडले, म्हणजे तो विषबाधेचा प्रकार ठरतो. दुसऱ्या घटनेत मात्र बाहेरून आलेल्या विषाने रुग्णाचा घात केला नव्हता. रुग्णाचे स्वतःचे प्रतिपिंड त्याच्याच मज्जातंतूंवर उलटले होते.

संसर्गापासून संरक्षण करणारी यंत्रणा संसर्ग ओसरल्यावर स्वकीयांवर का उलटते, या प्रश्नाचे एक उत्तर 'रेणू-साधर्म्य' या संकल्पनेत शोधले जाते. विषाणू वा जीवाणू यांच्या एखाद्या घटकाचे मानवी शरीरातील घटकाशी साम्य असते, आणि त्या साम्यामुळे प्रतिपिंडांची गफलत होते, असे ही संकल्पना सांगते. संकल्पना आकर्षक आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिचा गैरवापरही पुष्कळ झाला आहे. म्हणून तिचा उगम, तिच्या मर्यादा आणि पुण्यातील साथीच्या निमित्ताने तिचा लागलेला अर्थ यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आप आणि पर :

प्रतिपिंड हे रक्तातील प्रथिन होय. इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या या रेणूच्या दोन टोकांवर विशिष्ट आकाराची खाच असते. या खाचेत नेमका बसणारा परकीय पदार्थाचा पृष्ठभाग म्हणजे प्रतिजनाचा ओळखबिंदू. प्रतिपिंड संपूर्ण विषाणू 'पाहत' नाही. विषाणूच्या एखाद्या प्रथिनावरील काही मोजक्या अमिनो आम्लांनी किंवा शर्करांनी बनलेला छोटासा उंचवटा तेवढा त्याला कळतो. एखाद्या माणसाचा चेहरा न पाहता केवळ पागोट्यावरून त्याची ओळख पटवावी, तसाच हा प्रकार आहे. तसलेच पागोटे घरातल्या माणसाच्या डोक्यावर असेल तर घोटाळा होणारच.

निसर्गाने या घोटाळ्याची तरतूद केलेली आहे. प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना ज्यांची खाच स्वतःच्या शरीरातील घटकांशी घट्ट जुळते, त्यांतील पुष्कळशा पेशी नष्ट केल्या जातात वा निष्क्रिय केल्या जातात. टी-पेशींची अशीच छाननी थायमस ग्रंथीत होते. परंतु ही चाळण सच्छिद्र असते. स्वकीयांशी सैलपणे जुळणाऱ्या काही पेशी प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात शिल्लक राहतात आणि बहुतेक वेळा आयुष्यभर निद्रिस्तच राहतात. त्यांना जागे करायला संसर्गाच्या काळातील गदारोळ आणि जुळता प्रतिजन या दोन्ही गोष्टींची गरज पडते. रेणू-साधर्म्याचा सिद्धान्त उभा आहे तो या दोन अटी एकत्र येण्याच्या शक्यतेवर.

संकल्पनेचा उगम :

'मॉलिक्युलर मिमिक्री' हा शब्दप्रयोग १९६४ मध्ये रेमंड डेमियन या शास्त्रज्ञाने केला. त्याच्या डोळ्यांपुढे परोपजीवी जंत होते. यजमानाच्या शरीरातील घटकांसारखे घटक धारण करून हे परोपजीवी प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतात, असा त्याचा आशय होता. म्हणजे मूळ कल्पना लपण्याची होती. पुढील दोन दशकांत तिचा रोख बदलला आणि याच साम्यामुळे यजमानावरच हल्ला होऊ शकतो, हा विचार पुढे आला.

या विचाराला प्रायोगिक आधार दिला तो रॉबर्ट फुजिनामी व मायकेल ओल्डस्टोन यांनी. गोवर आणि नागीण-वर्गीय हर्पिस या विषाणूंच्या प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड मानवी पेशीच्या आतील तंतुमय प्रथिनांनाही चिकटतात, हे त्यांनी १९८३ मध्ये दाखविले. १९८५ मधील त्यांचा प्रयोग अधिक बोलका आहे. मज्जातंतूंवरील मेदावरणात 'मायेलिन बेसिक प्रोटीन' नावाचे प्रथिन असते, आणि त्याचा एक विशिष्ट तुकडा सशाला टोचल्यास सशाच्या मेंदूत दाह निर्माण होतो. हेपॅटायटिस बी विषाणूच्या पॉलिमरेज या प्रथिनात त्या तुकड्याशी जुळणारी टायरोसिन, ग्लायसिन, सेरिन, ल्युसिन, प्रोलिन व ग्लुटामिन अशी सहा अमिनो आम्ले ओळीने, त्याच क्रमाने आढळतात. या संशोधकांनी विषाणूच्या प्रथिनाचा तेवढाच तुकडा सशांना टोचला. सशांच्या रक्तात मेदावरणाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि काही सशांच्या मेंदूत दाहाच्या खुणाही सापडल्या. विषाणू न टोचता त्याच्या प्रथिनातील केवळ एका तुकड्याने हे घडले, याला महत्त्व होते.

हेपॅटायटिस बी झालेल्या माणसांमध्ये असा मेंदूदाह नियमाने होतो काय, याचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. सशाला जे झाले ते माणसाला होईलच असे नाही, ही सावधगिरी संकल्पनेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. ती नंतर अनेकांनी विसरायची ठरविली.

साधर्म्याऐवजी पूर्ण एकरूपता असेल तर काय होते, याचा अनुभव भारतीयांना फार पूर्वीच आला होता. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने जुन्या पिढीतील लोकांच्या आजही स्मरणात आहेत. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे विकसित केलेली ही लस मेंढीच्या मेंदूत वाढविलेल्या व नंतर मारलेल्या विषाणूपासून बनत असे. त्यामुळे लसीबरोबर मेंढीच्या मेंदूतील मेदावरणाची प्रथिनेही टोचली जात. ही प्रथिने मानवी प्रथिनांशी बव्हंशी सारखीच असतात. परिणामी लस घेतलेल्यांपैकी थोड्या व्यक्तींना रेबीज टळला तरी पक्षाघात होई. अशा रुग्णांच्या रक्तात मायेलिन बेसिक प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे थायलंडमधील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. भारतात या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबविण्यात आले व पेशीसंवर्धनातून बनविलेल्या, दंडात घ्यावयाच्या लशी सर्वत्र रूढ झाल्या. स्वकीयांशी मिळतेजुळते प्रथिन प्रतिकारशक्तीला चेतवू शकते, याचा हा मानवी पुरावा होता. तो हवासा मात्र कुणालाच नव्हता.

सहा अक्षरांचा हिशेब :

संगणकावर दोन प्रथिनांची अमिनो आम्लांची क्रमवारी शेजारी ठेवून साम्य शोधणे आज पदवीच्या विद्यार्थ्यालाही शक्य आहे. त्यामुळे अमुक विषाणूचे तमुक मानवी प्रथिनाशी साम्य आढळले, अशा निष्कर्षांचा पूर आलेला दिसतो. अशा साम्याला किती किंमत द्यावी, हे साध्या गणिताने तपासता येते.

प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनतात. तेव्हा सहा आम्लांच्या ओळी वीसचा सहावा घात, म्हणजे ६ कोटी ४० लाख प्रकारच्या होऊ शकतात. मानवी शरीरात प्रथिनांचे सुमारे २०,००० जनुकीय आराखडे आहेत. प्रत्येकात सरासरी साडेपाचशे आम्ले धरली तर एकूण सुमारे १ कोटी १० लाख आम्लांची ही जणू एक पोथी होते. हेपॅटायटिस बीच्या पॉलिमरेजमध्ये सुमारे ८४० आम्ले असतात, म्हणजे त्यातून सहा-सहा अक्षरांचे ८३५ तुकडे निघतात. या तुकड्यांपैकी एखादा त्या पोथीत कुठेतरी निव्वळ योगायोगाने सापडण्याच्या अपेक्षित घटना ८३५ गुणिले १.१ भागिले ६.४, म्हणजे सुमारे १४० भरतात. सर्व अमिनो आम्ले सारख्याच प्रमाणात आढळत नसल्याने हा आकडा स्थूल मानावा. पण अर्थ स्पष्ट आहे. जवळजवळ प्रत्येक विषाणूच्या मोठ्या प्रथिनात मानवी प्रथिनांशी सहा अक्षरे जुळणारे शेकडाभर तुकडे सापडणारच. असे असूनही माणसे बहुतेक संसर्गांतून सुखरूप बरी होतात. तेव्हा नुसती अक्षरे जुळणे हा पुरावा होत नाही. फुजिनामी-ओल्डस्टोन यांच्या प्रयोगाचे मोल त्यांना सहा अक्षरे सापडली यात नाही. ती मेदावरणाच्या नेमक्या मर्मस्थळी सापडली आणि प्राण्यात त्यांचा परिणाम दिसला, यात ते आहे.

याच हिशेबाचा सामाजिक उपयोग करोनाकाळात व्हायला हवा होता. डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय औषध नियामक यंत्रणेकडे केलेल्या एका अर्जातून अशी शंका पसरली की, करोना विषाणूच्या काटा-प्रथिनाचे गर्भवेष्टनातील 'सिन्सिटिन-१' या प्रथिनाशी साम्य आहे, म्हणून लस घेतल्यास स्त्रियांना वंध्यत्व येईल. भ्रमणध्वनीवरील संदेशांतून लशीमुळे मूल होत नाही ही भीती भारतातही पोहोचली. काटा-प्रथिनात १,२७३ आम्ले व सिन्सिटिन-१ मध्ये ५३८ आम्ले असतात. एवढ्या लांबीच्या कोणत्याही दोन प्रथिनांत चार-चार अक्षरे ओळीने जुळण्याचे चार प्रसंग निव्वळ योगायोगानेच अपेक्षित असतात. त्यापलीकडे दोहोंत लक्षणीय साम्य नाही. लस घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तात सिन्सिटिनविरुद्ध प्रतिपिंडे वाढल्याचे तपासण्यांत आढळले नाही, आणि त्यांच्या गर्भधारणेच्या प्रमाणातही घट दिसली नाही. यातील गंमत अशी की, सिन्सिटिन-१ हे मुळात लक्षावधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरलेल्या एका विषाणूचेच प्रथिन आहे आणि त्याच्यावाचून मानवी गर्भवेष्टन नीट घडत नाही.

अक्षरांच्या हिशेबाला आणखी एक मर्यादा आहे. प्रतिपिंड अक्षरे वाचत नाही, घडण चाचपते. प्रथिनाची साखळी गुंडाळली गेल्यावर दूरदूरची आम्ले शेजारी येऊन एक आकार घडवितात. त्यामुळे क्रमवारी वेगळी असूनही आकार जुळू शकतो, तसेच क्रमवारी जुळूनही तो भाग प्रथिनाच्या पोटात दडलेला असू शकतो. आणि ओळखबिंदू प्रथिनाचाच असला पाहिजे, असेही नाही. पुण्यातील साथ या बाबतीत विशेष उद्‌बोधक ठरते.

पुण्यातील साथ :

गुलेन, बारी व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या निमित्ताने या विकाराचे वर्णन केले. हातपाय लुळे पडलेले, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झालेल्या, आणि मेरुजलात पेशी न वाढता केवळ प्रथिन वाढलेले, असे ते वर्णन होते. जगभर या विकाराचे प्रमाण दरवर्षी लाखात एक ते दोन रुग्ण असे साधारणतः धरले जाते. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९४ लाखांहून अधिक होती. या हिशेबाने तेथे दोन महिन्यांत फार तर ३० रुग्ण अपेक्षित ठरतात. मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत राज्याच्या आरोग्य विभागाकडे नोंदलेल्या रुग्णांची संख्या २२५ झाली होती. त्यांपैकी १९७ रुग्णांचे निदान निश्चित झाले होते, आणि निश्चित व संशयित मिळून १२ मृत्यू नोंदले गेले होते. जनगणनेनंतरची लोकसंख्यावाढ जमेस धरली तरी हे प्रमाण स्वाभाविक म्हणता येत नाही.

जानेवारीच्या अखेरीस केंद्र शासनाने तज्ज्ञांचे पथक पाठविले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच असल्याने नमुन्यांची तपासणी त्वरेने सुरू झाली होती. काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जीवाणू, तर काहींत नोरोविषाणू आढळला. बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब, पोटदुखी वा ताप येऊन गेला होता. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. बाधित वस्त्यांपैकी अनेक गावे अलीकडच्या वर्षांत महापालिका हद्दीत आलेली होती आणि त्यांचा पाणीपुरवठा शहराच्या जुन्या भागाइतका शुद्धीकरणाखाली आलेला नव्हता. वस्ती आधी वाढते आणि नळ नंतर येतो, हा महाराष्ट्रातील शहरांच्या वाढीचा जुनाच क्रम आहे.

कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू कोंबड्यांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतो. माणसाच्या पोटात गेल्यास चार-आठ दिवसांचे जुलाब होतात व बहुधा औषधाशिवाय थांबतात. या जीवाणूच्या बाह्य आवरणावर मेद व शर्करा यांच्या संयोगातून बनलेले रेणू असतात. त्यांच्या टोकाशी असलेली शर्करांची मांडणी मानवी मज्जातंतूंच्या पृष्ठभागावरील 'गँग्लिओसाइड' या रेणूंच्या शर्करांशी, विशेषतः जीएम-१ या प्रकाराशी, हुबेहूब जुळते. जपानमधील नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साम्य १९९३ मध्ये रासायनिक विश्लेषणाने सिद्ध केले. २००४ मध्ये त्यांनी याच जीवाणूच्या आवरणातील रेणू सशांना टोचून त्यांच्या रक्तात जीएम-१ विरुद्ध प्रतिपिंडे व पायांत लुळेपणा उत्पन्न करून दाखविला. रुग्णांत आढळणारा आधीचा संसर्ग, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे, जंतू व शरीर यांतील साम्याची रासायनिक ओळख आणि प्राण्यात आजाराची पुनर्निर्मिती या चारही पायऱ्या येथे पूर्ण झाल्या. आत्मप्रतिकाराच्या क्षेत्रात इतका सलग पुरावा क्वचितच मिळतो. विषाणूंच्या प्रथिनांविषयी ज्या कल्पनेची इतकी चर्चा झाली, तिचे सर्वांत भक्कम उदाहरण एका जीवाणूच्या शर्करेत सापडावे, हा विज्ञानातील एक मासलेवाईक योग म्हणावा लागेल.

हे साम्य किती सूक्ष्म असते, हे पाहण्यासारखे आहे. जीवाणूच्या आवरणावर सियालिक आम्ल नावाची शर्करा जोडण्याचे काम एक विकर करते. या विकराच्या ५१ व्या स्थानी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असेल तर जीवाणूचे आवरण जीएम-१ व जीडी-१ए यांच्यासारखे बनते आणि रुग्णाचे हातपाय लुळे पडतात. त्याच जागी अस्पारजिन असेल तर आवरण जीक्यू-१बी सारखे बनते. हा रेणू डोळे फिरविणाऱ्या मज्जातंतूंवर विपुल असतो, म्हणून अशा रुग्णाला एकाऐवजी दोन वस्तू दिसतात व चालताना तोल जातो. या प्रकाराला मिलर फिशर विकार म्हणतात. जीवाणूच्या एका विकरातील एकाच अमिनो आम्लावरून माणसाचे पाय जाणार की डोळ्यांच्या हालचाली, हे ठरू शकते.

प्रतिपिंड मज्जातंतूला चिकटल्यावर रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते. एरवी जीवाणूच्या कवचाला छिद्रे पाडणारी ही प्रथिने मज्जातंतूच्या आवरणात दर थोड्या अंतरावर असणाऱ्या उघड्या सांध्यांवर हल्ला चढवितात. तेथे सोडियमची ये-जा करणारी द्वारे दाटीने वसलेली असतात. ती विस्कटली की मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. हल्ला एवढ्यावरच थांबला तर रुग्ण काही आठवड्यांत उठून चालू लागतो. आतील अक्षतंतू तुटला तर महिने लागतात, कधी कायमचे अधूपण येते.

प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागत असल्याने जुलाब आणि लुळेपणा यांत बहुधा एक ते तीन आठवड्यांचे अंतर पडते. साथीचे मूळ शोधण्यातील खरी अडचण हीच आहे. रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा जुलाब थांबलेले असतात, जंतू बव्हंशी गेलेला असतो आणि घरातले पाणी पंधरा दिवसांत कित्येकदा बदललेले असते. म्हणून मोजक्याच नमुन्यांत जीवाणू सापडला, यावरून तो इतरांत नव्हताच असे म्हणता येत नाही. उलट, तो सर्वांतच होता असेही सिद्ध होत नाही. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या सुमारे हजारांत एकालाच हा विकार होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. साम्य असलेला जंतू पोटात गेला तरी ९९९ जणांची चाळण काम करते. उरलेल्या एकाची का करत नाही, याचे पूर्ण उत्तर आजही हाती नाही.

विषाणूंचे काय :

विषाणूंच्या प्रथिन-साधर्म्याबाबत सर्वांत आश्वासक पुरावा एपस्टाइन-बार विषाणूचा आहे. मेंदू व मेरुरज्जूतील मेदावरण ठिकठिकाणी नष्ट करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराशी त्याचा संबंध असल्याचा संशय जुना होता. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या जतन केलेल्या रक्तनमुन्यांवर आधारित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विषाणूच्या संसर्गानंतर सदर आजाराचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसले. ज्या ८०१ रुग्णांचे नमुने उपलब्ध होते त्यांपैकी ३५ जण प्रारंभी संसर्गमुक्त होते, आणि आजार जडण्यापूर्वी त्यांतील एक सोडून सर्वांना संसर्ग झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने रुग्णांच्या मेरुजलातील प्रतिपिंडांचा माग काढला. त्यांतील एक प्रतिपिंड विषाणूच्या 'ईबीएनए-१' या प्रथिनाला आणि मेंदूतील 'ग्लायलकॅम' या प्रथिनालाही चिकटतो, हे त्यांनी दाखविले. मानवी प्रथिनावर फॉस्फेटचा गट जोडला गेला की ही पकड अधिकच घट्ट होते. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या संगणकाला हे कळले नसते.

तरीही गाडी येथे अडते. जगातील बहुसंख्य प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो, भारतात तर बालपणीच, आणि हा आजार भारतात विरळ आहे. मुंबईतील पारशी समाजात तो इतरांच्या तुलनेने अधिक आढळतो, हे डॉ. नोशीर वाडिया, डॉ. नादिर भरुचा यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या पाहण्यांतून पुढे आले. शहर तेच असताना दोन समाजांत फरक पडावा, यावरून आनुवंशिक घडणीचा वाटा मानावा लागतो. विषाणू आवश्यक असेल, पण पुरेसा नाही.

झिका विषाणूने या चित्रात आणखी गुंता केला. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मधील साथीत गुलेन-बारीचे ४२ रुग्ण आढळले व त्यांतील ४१ जणांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे होती. परंतु गँग्लिओसाइडविरोधी प्रतिपिंडे निम्म्याहून कमी रुग्णांत मिळाली. म्हणजे संसर्ग व लुळेपणा यांचा संबंध निर्विवाद, पण साधर्म्य कोणत्या रेणूशी हे अज्ञात. पुण्यातील नोरोविषाणूबाबत तर संबंधाचीच पायरी अद्याप चढायची आहे. तो जुलाबाचा इतका सामान्य विषाणू आहे की, दूषित पाणी पिणाऱ्यांत त्याचे केवळ सापडणे फारसे काही सांगत नाही.

ग्रामीण भागातील रुग्ण :

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. लाखात एक ते दोन हे प्रमाण धरल्यास कोणतीही साथ नसताना या जिल्ह्यात दरवर्षी पंचवीस ते पन्नास माणसांना हा विकार होत असला पाहिजे. त्यांची स्वतंत्र गणना होत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना अचानक लुळेपणा आल्यास पोलिओ निर्मूलन कार्यक्रमाखाली त्याची नोंद व शौच तपासणी होते. प्रौढाच्या बाबतीत अशी व्यवस्था नसल्याने तो एखाद्या खासगी रुग्णालयाच्या कागदात हरवतो.

खेड्यात हातपाय गळाले की 'अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची रीत आहे. या एका शब्दप्रयोगात दोन वेगळे आजार मिसळतात. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याने येणारा पक्षाघात बहुधा शरीराच्या एका बाजूला आणि अचानक येतो. गुलेन-बारीत दोन्ही पायांना मुंग्या येणे, जिना चढता न येणे येथून सुरुवात होते, आणि दुर्बलता काही दिवसांत वर सरकत हात, चेहरा व श्वसनाच्या स्नायूंपर्यंत जाते. सुमारे एकपंचमांश रुग्णांना श्वसनयंत्र लागते. त्यामुळे चालता येत असतानाच रुग्णाने मोठ्या रुग्णालयात पोहोचणे महत्त्वाचे ठरते. धाडसारख्या तालुक्याच्या टोकाला असलेल्या गावातून हे अंतर बुलढाणा वा छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे आहे, आणि मध्येच मालिश, गंडा-दोरा यांत गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

उपचार दोन आहेत. दोन्ही प्रतिपिंडांच्या तत्त्वावरच आधारलेले आहेत. रक्तद्रव बदलून हानिकारक प्रतिपिंडे काढून टाकणे हा एक. दुसरा, हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून एकत्र केलेले प्रतिपिंड शिरेतून देऊन रुग्णाच्या प्रतिपिंडांचा प्रभाव बोथट करणे. दोहोंचा गुण सारखाच येतो, हे १९९२ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीने दाखविले. इतर आत्मप्रतिकार आजारांत गुणकारी ठरणारी स्टिरॉइडे येथे उपयोगी पडत नाहीत, हेही चाचण्यांनी सिद्ध केले आहे, तरी ती देण्याची सवय सुटलेली नाही. शिरेतून द्यावयाच्या प्रतिपिंडांची मात्रा किलोमागे दररोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस अशी असते. ६० किलो वजनाच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या लागतात, आणि एकेका बाटलीची किंमत हजारो रुपयांत असते. पुण्यातील साथीत शासन व महापालिकांनी या खर्चाचा भार उचलण्याची घोषणा केली, कारण रुग्ण एकाच वेळी, एकाच परिसरात आणि वृत्तपत्रांच्या नजरेसमोर होते. एकेकट्याने, वर्षभर विखरून येणाऱ्या रुग्णाला मात्र शासकीय योजनेत आपला आजार बसतो की नाही, हे रुग्णालयाच्या खिडकीवरच कळते. तोवर उपचाराला गुण येण्याचे पहिले दोन आठवडे चालू झालेले असतात.